गाळलेलं वाक्य

मास्तरांनी जावईबापूंना कुशीवर वळवलं, खांद्याच्या फऱ्याखाली मेणाची एक बारीकशी जखम चिकटवली आणि तिच्या कडांवरून लाल रंगाचं बोट फिरवलं. करंगळीच्या नखाएवढी जखम, पण ती बसवायला त्यांना दहा मिनिटं लागत. मांडीवरची, नळीतून रक्त उडवणारी मोठी जखम पाच मिनिटांत व्हायची. मग त्यांनी जावईबापूंना पुन्हा उताणं केलं, गणवेशाची बटणं लावली आणि ते हात धुवायला गेले.

जावईबापू म्हणजे रबरी कातडीचा पुतळा. छातीत भाता, मनगटाला नाडी, लहानमोठी होणारी बुबुळं. दिवसभर आडवं पडायचं, चार माणसांनी भोवती नाचायचं, त्यांनीच कपडे काढायचे आणि घालायचे, आणि याचा आपला रुबाब कायम! म्हणून केंद्रातल्या कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लढाईच्या जागी जखमीला पहिला हात लावणारे सैन्याचे परिचारक इथे तयार होत. काय चुका करायच्या त्या रबरावर करून घ्या, माणसावर नको, असा सगळा मामला. परिचारकाने काय केलं आणि किती वेळात केलं यावरून संगणकातलं मॉडेल पुतळ्याचा रक्तदाब आणि श्वास वरखाली करी. बोलणं मात्र मॉडेलला जमत नसे. ते काम मास्तरांचं.

खोलीच्या एका भिंतीला मोठी काच होती. बाहेरून आरसा, आतून खिडकी. काचेमागच्या केबिनमध्ये मास्तर कानाला हेडफोन लावून बसत आणि मायक्रोफोनमध्ये विव्हळत. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसातून पाच-सहा वेळा "आई गं, पाय!" म्हणून ओरडायचा आणि मधल्या वेळात तिथेच बसून डबा खायचा. परीक्षेला आलेली पोरं आरशात भांग पाडत, दात बघत. एकाने तर थेट मास्तरांच्या नाकासमोर येऊन मिशीला पीळ भरला होता. मास्तरांना खुदकन हसू आलं होतं. मग हे सांगायचं कुणाला, ते सुचेना.

घरी सांगायला कुणी नव्हतं. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, त्याला दोन वर्षं होत आली. भांडणतंटा काही नाही. रोज फोन यायचा, "जेवलात का?" विचारायची, "जेवलो" म्हणून हे सांगायचे, की झालं. त्याआधी तिने वर्षानुवर्षं विचारलं होतं, "तिकडे नक्की काय झालं ते एकदा सांगा तरी मला." "काय सांगायचंय त्यात?" म्हणून मास्तर उठून जायचे. शेवटी तिनेही नाद सोडला.

तिकडे काय झालं, ते सगळं या केंद्राच्या परीक्षेतल्या 'केस सहा'मध्ये लिहिलेलं होतं. एक वाक्य सोडून.

सात वर्षांपूर्वी मास्तर स्वतः परिचारक होते. स्फोटात सापडलेला एक तेवीस वर्षांचा जवान त्यांच्या हातात गेला. त्याच्या मांडीतून रक्त उडत होतं, ते त्यांनी थांबवलं. तरी रक्तदाब पडत गेला. रक्त गेलंय म्हणून पडतोय असं समजून ते रक्त चढवत राहिले. खरं तर पाठीतल्या बारीक छिद्रातून त्याच्या छातीत हवा कोंडत चालली होती. नवव्या मिनिटाला तो गेला. छिद्र सापडलं ते नंतर, इस्पितळात. चौकशी झाली, आणि अशा धांदलीत ती जखम लक्षात येणं अवघड होतं, असा निष्कर्ष निघाला. मास्तरांकडे कुणी बोट दाखवलं नाही. पण चौथ्या मिनिटाला तो जवान म्हणाला होता, "पाठीखाली काहीतरी टोचतंय." चांगलं स्पष्ट म्हणाला होता. ते ठाऊक असलेले दोघेच, आणि त्यातला एक राहिला नव्हता. मास्तरांनी चौकशीत ते सांगितलं नाही. इथे आल्यावर केस सहाची संहिता लिहायला बसले, तेव्हाही त्यांनी ते वाक्य गाळलं. जखम मात्र दर वेळी इमानाने बसवत. ज्याला सापडेल त्याला सापडो.

चार वर्षांत ती कुणालाही वेळेत सापडली नव्हती. काही जण पुतळ्याला उलटा करून बघत, पण उशिरा. तोवर नववं मिनिट लागलेलं असे. बघा, कुणालाच जमत नाही, असं मास्तर स्वतःला सांगत आणि त्या रात्री त्यांना झोप लागे. एवढीच एक रात्र.

आज पाच जणांची परीक्षा होती. पहिला नेहमीसारखाच नवव्या मिनिटाला हरला आणि मान खाली घालून बाहेर पडला. तो गेल्यावर केंद्रप्रमुख डॉक्टरबाई केबिनमध्ये आल्या.

"मास्तर, ही सहावी केस मी बंद करतेय."

"का बरं?"

"चार वर्षांत एक जण पास नाही. म्हणजे एक तर आपल्या शिकवण्यात खोट आहे, नाहीतर हा माणूस वाचण्यातलाच नव्हता. मी दुसरं लिहिणार आहे. वाचवणं अशक्य होतं असा शेरा मारते आणि सही करून मोकळी होते." बाई जरा थांबल्या. केस कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं. "तुमच्याही जिवाला स्वस्थता."

"आजची परीक्षा तरी होऊ दे."

"होऊ दे की. मी बसते इथेच."

अशक्य. हा शब्द कागदावर, सहीशिक्क्यानिशी मिळावा म्हणून मास्तर सात वर्षं जीव मुठीत धरून बसले होते. आता मिळत होता तर नकोसा झाला. हा शेरा बसला की फाईल कपाटात जाणार, पुतळ्याच्या पाठीवर ती जखम पुन्हा कुणी बसवणार नाही, आणि ते वाक्य मरेपर्यंत एकट्या मास्तरांच्या कानात राहणार. त्यांना भीती वाटली. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच लावून टाकलं.

दुसरी परीक्षार्थी म्हणजे 'पुन्हाबाई'. वर्गात प्रत्येक गोष्ट "पुन्हा सांगता का?" म्हणून विचारायची, तेव्हा तुकडीने तिचं बारसंच करून टाकलं होतं. भरती होण्याआधी ती एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती. तिचं म्हणणं, खिडकीवर पहिल्या खेपेला कुणी खरं सांगतच नाही, वयसुद्धा नाही. अंगाने थोराड, चालीने संथ. ही काय दिवे लावणार, असंच सगळ्यांना वाटायचं.

तिने गुडघे टेकले, मांडीवर एक पट्टी आवळली, रक्त थांबेना तशी दुसरी आवळली. थांबलं. चौथं मिनिट लागलं होतं.

"कुठं दुखतंय, दादा?"

"पाय... पाय गेला माझा," मास्तर काचेमागून म्हणाले.

"कुठं जातोय? आहे जागेवर, बांधलाय मी. आणखी कुठं दुखतंय?"

इथे संहितेत नुसतं कण्हणं होतं. मास्तर कण्हले. या ठिकाणी सगळे पुढच्या कामाला लागत.

"कण्हलास ते कळलं," पुन्हाबाई म्हणाली. "मी काय विचारलं? पाय सोडून आणखी कुठं दुखतंय?"

मास्तरांचं मायक्रोफोनच्या बटणावरचं बोट सुटलं. प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी ते एकच शब्द देत. हा पुतळा ओरडेल, गप्प बसेल, तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, पण नीट विचारलंत तर खोटं बोलणार नाही. चार वर्षांत तसं नीट कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही विचारलं नव्हतं, त्यांना तर न विचारताच सांगितलं गेलं होतं.

"उत्तर नाहीये इथे," शेजारी बाई संहितेत बघून म्हणाल्या. "पुन्हा कण्हा."

मास्तरांनी बटण दाबलं.

"पाठीखाली काहीतरी टोचतंय."

आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. बाईंनी चटकन वर बघितलं. काचेपलीकडे पुन्हाबाईने हातातली रक्ताची पिशवी खाली ठेवली आणि पाठीखाली हात सरकवला. हातमोजा लाल होऊन बाहेर आला.

"थोडं वळवते हं, दादा. कळ सोस जरा."

तिने जखम शोधली, वरून चिकटपट्टी लावून बंद केली, उताणं करून छातीत सुई घातली. कोंडलेली हवा फुस्स करून सुटली. रक्तदाबाचा आकडा आधी जागीच रेंगाळला आणि मग एकेक पायरी वर चढायला लागला. नववं मिनिट लागलं आणि सरलं. मास्तर घड्याळाकडे बघत राहिले. या केसचं दहावं मिनिट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पुन्हाबाई उठली आणि आरशासमोर येऊन उभी राहिली.

"वाचला ना हो?"

मास्तर अजून घड्याळच बघत होते.

"नक्की वाचला ना?"

"वाचला," मास्तर म्हणाले. ती हसली, कपाळावरचा घाम कोपराने पुसला आणि निघून गेली.

केबिनमध्ये बाईंनी संहिता मिटली.

"हे वाक्य कुठून आलं, मास्तर?"

"तो म्हणाला होता."

"कोण? खरा?"

"हो. चौथ्या मिनिटाला."

"आणि ते इथे का नाही?"

"गाळलं मी. चौकशीतही नाही सांगितलं. कुणालाच नाही."

बाईंनी खिशातून पेन काढलं, शेरा लिहिण्यासाठी म्हणून आणलेलं, आणि ते मास्तरांपुढे ठेवलं.

"लिहा मग. चौथ्या मिनिटाला, कुणी विचारो न विचारो. तिघं उरलेत, त्यांना हीच केस. बाकीचं उद्या बोलू आपण."

मास्तरांनी लिहिलं. तीनच शब्द, पण अक्षर बालवाडीतल्या पोराचं वाटावं असं.

तिसरा आला. मास्तर वाक्य म्हणाले, त्याने लगेच पाठ पाहिली, जावईबापू वाचले. चौथा आला, थोडा गोंधळला, पण वाचले. दोघेही उड्या मारत बाहेर गेले आणि दाराबाहेर पाठीवर थापा पडल्याचे आवाज मास्तरांच्या हेडफोनमध्ये आले. एवढं सोपं होतं. सात वर्षं जे अवघड, अवघड म्हणून सगळे मान डोलावत होते ते काल शिकलेल्या पोरांना जमत होतं, फक्त ऐकलं की झालं. मास्तरांना वाटलं, उठावं, घरी जावं, दार लावून घ्यावं आणि फोनही उचलू नये.

पाचवा होता 'तुफान'. तुकडीतला पहिला नंबर, हात असा चालायचा की बघत राहावं. दोन मिनिटांत मांडी बांधून मोकळा. रक्ताची पिशवी लावली, कानाला यंत्र लावून तो रुग्णवाहिकेला निरोप देत होता.

"पाठीखाली काहीतरी टोचतंय," मास्तर म्हणाले.

"दगड असेल रे," तुफान निरोप देता देता म्हणाला. "हलू नकोस. मी आहे ना."

मास्तरांचं बोट बटणावरच राहिलं.

पाचवं मिनिट, सहावं. रक्तदाब पडायला लागला. तुफानने दुसरी पिशवी लावली. सातव्या मिनिटाला त्याच्या हालचालीत धांदल आली, आठव्याला तो छाती दाबायला लागला. नवव्याला बुबुळं मोठी झाली आणि तशीच राहिली. घंटा वाजली. तुफानने पुतळ्याला वळवलं, पाठीवरची जखम बघितली आणि तो जमिनीवर मटकन बसला.

परीक्षा चालू असताना काचेमागचा माणूस कधी बाहेर येत नसे, तसा नियमच होता. बाई निकाल सांगायला उठल्या, तेवढ्यात मास्तरांनी हेडफोन काढले.

"मी जातो," ते म्हणाले.

बाई बाजूला झाल्या.

खोलीत नकली रक्ताचा गोडसर वास होता. मास्तर तुफानच्या शेजारी जमिनीवर बसले, बसताना दोन्ही गुडघे कडकड वाजले. पोरगं ढसाढसा रडत होतं.

"सर, तो सांगत होता मला. मी ऐकलं. ऐकूनसुद्धा..."

"दगड वाटला ना?"

"हो."

"मलाही."

तुफानने मनगटाने नाक पुसलं आणि त्यांच्याकडे बघितलं. हाच आवाज मघाशी विव्हळत होता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

"तुम्हाला? कधी?"

"सात वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "तो पुतळा नव्हता. आणि मीही त्याला हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. दगड असेल रे, मी आहे ना."

तुफान रडायचा थांबला. "मग?" त्याने विचारलं.

मास्तरांनी पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली, आणि ते पहिल्या मिनिटापासून सांगू लागले.