हुंकार देणारा बाहुला

मी बोलतोय, असं म्हणणं धाडसाचंच. मला जन्मभर एकच उद्गार येत होता: ‘हूं’. तरीही ही हकिगत माझीच आहे.

गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हुंकार थांबला की गोष्टही थांबवायची, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरला राहिलेल्या या मराठी घरानं कसोशीनं पाळला होता. १९९६ साली सोयराबाईंना अर्धांगवायू झाला. “रोज बोलतं ठेवा, तरच वाचा टिकेल,” असं डॉक्टरांनी बजावलं. पण दुपारभर हुंकार देत बसायला सवड कुणाला? त्यांचा इंजिनिअर मुलगा शंभूराज यानं मोटर, पत्रा आणि चिकपेटेच्या बाजारातलं कापड जमवून मला घडवलं. बोलणारा थांबला की मी मान डोलवून ‘हूं’ म्हणायचं. आवाज त्यानं स्वतःचाच भरला.

सोयराबाई हसल्या. “शंभू, ह्याचं लगीन लाव की. बायकोचं एवढं ऐकणारा मिळायचा नाही!”

“सरी, लावूया; पण आधी तुमच्या लेकाला शिकवा ते, आत्याबाई,” सून संयोगिता म्हणाली.

सोयराबाईंची जीभ सुटू लागली. सात बहिणींची, बोलक्या पोपटाची, एकेक कथा पुरी होऊ लागली. मात्र माझा हुंकार कानी पडला की घर निर्धास्त होई. कुणी दाराशीही येईना. लोकरीतीत हुंकार ही कुणीतरी ऐकत असल्याची साक्ष असते. मी साक्षीचा नुसता आवाज होतो.

एका रविवारी दुपारी गोष्ट सांगता सांगता त्या थबकल्या.

“शंभू, हात उचलंना... स्वल्प, जरासं इकडं ये.”

“हूं.”

“अरे, ये की!”

“हूं.”

शेजारच्या खोलीत शंभूराज पेपर वाचत होता. गोष्ट रंगात आलीय, असं त्याला वाटलं. तासाभरानं तो आला तेव्हा त्या जमिनीवर पडल्या होत्या. मी गप्प होतो, कारण त्या गप्प होत्या.

त्या वाचल्या. माझे सेल काढून शंभूराजनं मला कपाटावर टाकलं. आता रजा घेऊन तो रोज त्यांच्या उशाशी बसतो.

“आई, पोपटाची सांग ना.”

ओठ हलतात. एखादा शब्द फुटतो. न राहवून तो म्हणतो, “हूं.” त्याबरोबर त्या भिंतीकडे तोंड फिरवतात.

“आई, मी आहे. खरा मी.”

त्या वळत नाहीत.

मला खुशाल भंगारात द्या. पण त्याआधी त्याचा हुंकार माझ्याकडून कुणीतरी सोडवून घ्या. सेल काढले तरी तो त्याला परत मिळालेला नाही.