एकाच नावाच्या दोन गड्ड्या

मी एक जुनी कार्डांची गड्डी आहे. पत्त्यांची नव्हे, मित्रांनो. माझ्या कार्डांवर राजा-राणी नाहीत, बारीक भोके आहेत. गणकयंत्र ती भोके वाची आणि मी सांगेन तसे गणित करी. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते, त्या वर्षांत बोईसरला माझा जन्म झाला. स्टेशनाबाहेर तेव्हा गवत होते, आणि त्या गवतात एका ठेकेदाराचे पत्र्याचे ऑफिस. आता तिथे काय उभे आहे ते मला सांगू नका. मला ऐकायचे नाही.

मला चंद्रभान साहेबांनी लिहिले. छपराच्या तुळईत किती सळ्या घालाव्यात हे सांगणे माझे काम. असले नेहमी लागणारे गणित प्रत्येकाने नव्याने लिहू नये, म्हणून ते एकदाच लिहून कपाटात ठेवत. ज्याला हवे त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये फक्त नाव लिहायचे. माझे नाव होते बीम. कपाट सांभाळायची शेजारच्या मुरबे गावची नलू. मॅट्रिक झालेली, कार्डांना भोके पाडण्याच्या यंत्रावर बसणारी. ती नाव वाचून मला काढी, साहेबांच्या कार्डांमागे लावी, आणि पेटी मुंबईला गणकयंत्राकडे जाई. माझ्याशिवाय छप्पर होत नसे. तेव्हा सगळे मला जपत.

मग कृष्णकांत साहेब आले. मी ओझे पौंडांत मोजते हे त्यांना खपेना. देशात किलो आले होते. त्यांनी किलोत मोजणारी नवी गड्डी लिहिली. त्याचा मला राग नाही. राग याचा आहे, की तिचेही नाव त्यांनी बीमच ठेवले.

"माझीच खरी. जुनी फेकून द्या," ते म्हणाले.

"माझं सगळं काम तिच्यावर चालतं," चंद्रभान साहेब म्हणाले. "मागून आलात तुम्ही. नाव तुम्ही बदला."

कुणीच बदलले नाही. नव्या गड्डीच्या कडेला लाल रेघ ओढली, तेवढेच. यंत्राला रेघ दिसत नाही, आणि ज्यांना दिसते ते घाईत असतात. एकाच खणात आम्ही अंगाला अंग लावून पडलो. मी तिचा द्वेष करत असे.

"साहेब, आमच्या आळीत दोन जमना हायेत," नलू म्हणाली. "एक दांडीवाली, एक माहीमवाली. नुसतं जमना म्हटलं तर दोगी भांडायला येतात."

"मग गड्ड्यांनाही माहेर लावू का?" कृष्णकांत साहेब हसले.

"लावा. नायतर एक दिवस भलतीच नांदायला येल."

तो दिवस आला. कामगारांच्या खोल्यांच्या छपराचे काम होते. नलूने विचारले, "कुठली बीम लावू?" कृष्णकांत साहेब जीपमध्ये चढत होते. "बीम म्हणजे बीम, नलूबाई." त्यांच्या मनात बीम म्हणजे आपलीच. खणात वर होते मी. नलूने मला लावले. त्यांनी ओझे किलोत दिले, मी ते पौंडांत समजले. छपरावरचे ओझे माझ्या लेखी निम्म्याहून कमी झाले, आणि सळ्याही तशाच कमी पडल्या. यंत्राने चकार शब्द काढला नाही. नाव जुळले की त्याला पुरे.

आधाराचे टेकू काढले तेव्हा छप्पर मधोमध वाकले. खोल्यांत अजून कुणी राहायला आले नव्हते, एवढेच नशीब. दोन्ही साहेबांनी बोट दाखवले ते नलूकडे. त्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. मोठे साहेब नरहरी म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं." बापाची होडी फुटल्यापासून नलूचे घर तिच्याच पगारावर होते.

नलू रडली नाही. यंत्राला सहा अक्षरांपर्यंत नाव चालत असे, आणि इंग्रजीत आमच्या नावाची चारच होती. उरलेल्या दोन जागांत तिने माझ्यावर पौंडाची अक्षरे पाडली, दुसरीवर किलोची. नुसती बीम कपाटात उरली नाही.

पुढची पेटी मुंबईहून तशीच परत आली. बीम नावाचे काही सापडले नाही, असे यंत्राने सांगितले होते. दोन्ही साहेब भडकले.

"कुणाला विचारून नाव बदललंस?" कृष्णकांत साहेब ओरडले. "परत होतं तसं कर."

"करते. पण तुमच्या कुठल्या कामाला कुठली लागते, ते सांगा. मी आता अंदाजानं लावायची नाय."

"नव्या कामाला माझी."

"आनि झालेल्या कामांना कुठली लागली व्हती?"

त्यांनी जुन्या कामांचे कागद काढले; सगळीकडे नुसते बीम लिहिलेले. चंद्रभान साहेबांच्या कागदांतही तेच. मग नरहरी साहेबांनी दोघांना खाली बसवून सगळी कामे पुन्हा तपासायला लावली. पाण्याच्या टाकीच्या तुळयांत पुन्हा मीच निघाले, किलोंना पौंड समजून बसलेली. साचे बांधून तयार होते, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडणार होते. ते थांबवले.

नलूला शाबासकी मिळाली नाही. नोकरी राहिली, नवी नावेही राहिली. कुणी सवयीने नुसते बीम लिहिले की पेटी परत येई, आणि दोन्ही साहेब तिच्या नावाने बोटे मोडत. मोडोत.

मित्रांनो, मला वाळवी लागली आहे, आणि मला जपा असे मी म्हणणार नाही. पण अनेकांनी वापरायची वस्तू तुम्ही कपाटात ठेवाल, तेव्हा ती कुणाची आणि कशात मोजणारी, हे तिच्या नावातच लिहा. मागणाऱ्यालाही पूर्ण नावाने मागायला लावा. अर्ध्या नावाला यंत्राने नाही म्हटले तर त्याच्यावर चिडू नका. चिडायचेच असेल, तर निमूट हो म्हणणाऱ्यावर चिडा.