कूमने दिलेला कार्बोरेटर

वुकोसावाची जुनी स्तोयादिन गाडी एकतीस वर्षांची होती. रोज सकाळी सव्वीस किलोमीटर डोंगर चढून ती क्रुशाच्या शाळेत पोचायची; म्हणजे पोचणं अपेक्षित असायचं. शाळेत मुलं पाच, शिक्षिका एकच. जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं: गुरुवारी सकाळी आठला निरीक्षक येतील. दार बंद दिसलं तर शाळा बंद, मुलं खालच्या गावात. आणि त्या महिन्यात दार दोनदा उशिरा उघडलं होतं, कारण झिजलेला कार्बोरेटर वाटेल तिथून हवा ओढत होता.

"होता तसलाच घ्या, बाई," मेकॅनिक गोइको म्हणाला. "एका घशाचा, हवेला एकच वाट. इंजिन केवढंसं, त्याला श्वास लागतो केवढा."

सल्ला इतका साधा होता की गल्लीत तो कोणालाच पटला नाही.

शनिवारी तिने अंगणात बॉनेट उघडलं. उघडं बॉनेट दिसलं की इथे आमंत्रण लागत नाही. कॉफीला उकळी येईतो शेजारचे रादिशा आणि बोरा हजर, आणि त्यांच्यामागून कूम ल्युबिसाव. तिच्या लग्नात तो नवऱ्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून उभा होता, तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलं होतं. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण कूमचं नातं मेल्यानेही सुटत नाही. कूमला नाही म्हणणं अशक्य नसतं. फक्त ते कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं.

कूमने पिशवीतून एक जडशीळ वस्तू काढून टेबलावर ठेवली. "दोन घशांचा. माझ्या सोळाशे सीसीच्या गाडीचा. तुला भेट."

"कूम, माझी अकराशेची आहे."

"म्हणूनच तर. त्या बिचारीला आयुष्यात मिळालंय काय?"

इंजिनावरची बैठक जुळत नव्हती म्हणून मध्ये एक पट्टी घातली आणि कार्बोरेटर बसला. मग ट्यूनिंग. रादिशाने डोळे मिटून पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू पाव फेरा आत घेतला. बोराने तो तेवढाच बाहेर काढला. ट्रॅक्टरच्या कारखान्यात त्याची वीस वर्षं गेली होती, सगळी कॅन्टीनमध्ये. शेवटी कूमने सरळ दोन फेरे बाहेर.

"ऐक, गातेय कशी."

गाडी खोकत होती. शेजारच्या दोरीवरच्या चादरी राखाडी झाल्या.

सोमवारी तिसऱ्या वळणावर प्लग पेट्रोलने भिजले. वुकोसावा पोचली तेव्हा साडेआठ वाजले होते आणि मुलं पायरीवर बसून होती.

"बाई, तुम्हाला पेट्रोलपंपाचा वास येतोय," सगळ्यात धाकटी म्हणाली.

"सवय होऊ दे तिला," संध्याकाळी कूम म्हणाला.

"गाडीला?"

"तुलाही."

बुधवारी शाळा सुटल्यावर ती गोइकोकडे गेली. त्याने एक प्लग काढून तिच्यासमोर धरला. "ही काजळी आहे. दूध घातलेल्या कॉफीचा रंग हवा." त्याच्याकडे एका घशाचा, दांडीभोवती हवा शिरू नये म्हणून नवे बुश घातलेला कार्बोरेटर होता. तो बसवून त्याने इंजिन चांगलं तापू दिलं, अडखळेपर्यंत स्क्रू आत घेतला, मग अलगद मागे, सूर एकसारखा लागेपर्यंत. चढावर एक चक्कर मारली, प्लग पाहिला, पेट्रोल सोडणारा जेट एका नंबरने लहान केला, पुन्हा चक्कर. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी कॉफीही मागितली नाही.

"आता याला कोणाला हात लावू देऊ नका."

"माझा कूम आहे."

हात पुसता पुसता गोइको थांबला. "मग माझी हमी नाही."

ती घरी परतली तेव्हा कूम फाटकाशीच उभा होता. गाडी कोपऱ्यावर असतानाच त्याने तिचा आवाज ऐकला होता. "म्हटलं नव्हतं सवय होईल? दोन घसे ते दोन घसे. उघड बॉनेट. उद्या गारठा आहे, पाव फेरा द्यायला हवा."

पेचकस त्याच्या खिशातच होता. वुकोसावाने दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले.

"नाही, कूम."

गल्लीतल्या खुर्च्यांवरची डोकी फाटकाकडे वळली.

"काय म्हणालीस?"

"उद्या आठपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आठनंतर माझ्याशी बोलणं टाका हवं तर."

कूम तिच्याकडे बघत राहिला, मग बॉनेटकडे. "बरोबर आहे," तो सावकाश म्हणाला. "इतकं अचूक लावलेलं मीही बिघडवू दिलं नसतं."

आत आता एकच घसा होता. तिने गाडीला कुलूप लावलं.

गुरुवारी तिने सात पस्तीसला दार उघडून चूल पेटवली. निरीक्षक आठला पाच कमी असताना आला, पाच मुलं मोजली, पुन्हा मोजली आणि नाइलाजाने वर्षभराची मुदत लिहून दिली.

शुक्रवारपर्यंत कूमने आपण शाळा कशी वाचवली ते कॉफीच्या दुकानात चारदा सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात गोइकोकडे तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही दोन घशांचाच हवा होता.