साताऱ्यात खाल्लेले नऊ गोल

फौजेतून सुटून आलेल्या जोतीरामानं कराडजवळच्या आपल्या गावात ऊस करावा, अशी थोरल्या भावाची इच्छा होती. जोतीरामाच्या मनात वेगळंच होतं. पलटणीच्या संघातून तो अनेक वर्षं हॉकी खेळला होता. इटलीच्या लढाईत गुडघ्यात लोखंडाचा तुकडा शिरला आणि त्याचं पळणं संपलं. पण दुसऱ्यानं कुठं पळावं हे त्याला अजून नेमकं दिसत होतं. सांगलीच्या एका कॉलेजात हॉकी शिकवणारा माणूस हवा आहे असं कळताच तो तिथं जाऊन उभा राहिला. संघ उभा करायला किती काळ लागेल, असं प्रिन्सिपॉलांनी विचारलं. दोन वर्षं, असं त्यानं जागच्या जागी सांगून टाकलं.

मैदान म्हणजे काळं रान, भेगा पडलेलं. पोरांकडूनच त्यानं त्यावर मुरूम पसरून घेतला, रोलर फिरवला. हातांना फोड आले तेव्हा दोघं-तिघं कुरकुरले. त्यांना तो शांतपणे म्हणाला की ज्याला क्रिकेट आवडतं त्यानं जावं, वाट मोकळी आहे. कुणी गेलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात त्यानं साताऱ्याला सामना ठरवला. तिथं रजेवर आलेल्या आणि पेन्शनीत निघालेल्या फौजी गड्यांचा संघ होता. आसपासच्या मुलखात त्यांना तोड नव्हती. कॉलेजची पोरं नऊ गोलांनी हरली. एकही गोल त्यांना करता आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांनी बोलावून घेतलं. आपल्या जोडीचा संघ शोधायचा होता, असं ते जरा नाराजीनं म्हणाले. जोडीच्या संघाशी जिंकून पोरं जिथल्या तिथं राहिली असती, असं जोतीरामाचं उत्तर होतं. आता चांगला खेळ कसा असतो हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं. बोलताना त्याचा आवाज जराही खाली आला नाही.

पण गोलकीपर कोंडीबा नाहीसा झाला. जतकडच्या धनगराचा हा मुलगा बोर्डिंगात राहून शिकत होता. चेंडूला न भिणारा दुसरा पोरगा जोतीरामानं पाहिला नव्हता. सामन्यानंतर पोरं त्याला ‘नवरत्न’ म्हणून चिडवायला लागली, आणि एका सकाळी तो वळकटी उचलून निघून गेला.

बापाची मेंढरं त्या दिवसांत तासगावकडं रानात बसलेली असतात, एवढं जोतीरामाला ठाऊक होतं. त्यानं सायकल काढली. दुखऱ्या गुडघ्यानं पायडल मारत, वाटेत विचारत विचारत तो कळपापाशी पोचला. कोंडीबा लांब मेंढरांमागं होता. त्याचा बाप भाऊसो यानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि मग सरळ विषयाला हात घातला.

“पोरानं नऊ गोल खाल्लं म्हनं.”

“व्हय, खाल्लं,” जोतीराम म्हणाला. “पन आवं, तीसच्या वर अडवलं. ती त्याच्या छाताडावर, नडगीवर बसल्यात. त्याची अंगी काढून बगा.”

भाऊसोनं मुलाला हाक मारली आणि अंगी वर करायला लावली. काळेनिळे डाग त्यानं बोटानं एकेक करून चाचपले. मग म्हणाला, “आन बाकीची पोरं काय करत हुती?”

“बगत हुती. ती चूक त्येंची आन माजी. ह्याची न्हाई.” जोतीराम कोंडीबाकडं वळला. “म्होरल्या साली पुन्यांदा तितंच जायाचं हाय. गोलात तू नसलास तर मी संघ न्हेनार न्हाई.”

हे मन वळवण्यासाठी काढलेले शब्द नव्हते, आणि ते बापलेकांना कळलं. कोंडीबा परत आला. त्या दिवसापासून जोतीरामानं बचावाची सारी मांडणी बदलली. कॉलेजातलेच, तालमीत घुमणारे दोन रांगडे गडी गोलापुढं उभे केले आणि चेंडू कोंडीबापर्यंत पोचायच्या आत काढायला शिकवला. सकाळी सगळे येण्याआधी तो स्वतः एका पायावर भार टाकून कोंडीबावर फटके मारत राही. चिडवणाऱ्यांनाही त्यानं एकेकाला गोलात उभं केलं. त्यानंतर चिडवणं आपोआप थांबलं.

पुढच्या हिवाळ्यात ते साताऱ्याला दोन गोलांनी हरले, आणि पोरांना या वेळी राग आला. जोतीरामाला तो राग फार आवडला.

अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरात ते तिसऱ्यांदा गेले. पूर्वार्धात साताऱ्यानं एक गोल केला. मध्यंतरात जोतीरामानं एवढंच सांगितलं की त्यांचा डावा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला डावीकडचा गडी, दमलाय, सगळे चेंडू त्याच्या बाजूनं न्या. पोरांनी तसंच केलं. आधी बरोबरी झाली, मग आणखी एक गोल. शेवटी फौजी गड्यांनी हल्ल्यामागून हल्ला चढवला. कोंडीबानं एक चेंडू पायानं, एक पोटानं आणि शेवटचा आडवं पडून काठीच्या टोकानं बाहेर काढला. शिटी वाजली.

साताऱ्याच्या संघाचे सुभेदार लालासाहेब हे जोतीरामाचे पलटणीतले जुने वरिष्ठ. रात्री त्यांनी दोन्ही संघांना मटणाचं जेवण घातलं. पंगत बसल्यावर त्यांनी जोतीरामाला बाजूला घेतलं आणि कॉलेज सोडून आमच्याकडं ये म्हणाले. तो म्हणाला की पुढच्या वर्षीची पोरं त्यानं आधीच हेरून ठेवलीत, त्यामुळं जमायचं नाही. मात्र सुभेदारांनी डावा हाफ तेवढा बदलावा, नाहीतर पुढच्या सालीही असंच होईल.

सुभेदार पोट धरून हसले. जोतीराम हसला नाही. त्यानं बदली म्हणून कुणाला घ्यावं तेही सांगितलं आणि तांबडा रस्सा वाढून घ्यायला पोरांच्या पंगतीत जाऊन बसला.