वाढत्या अंगाचे बूट

सखुबाई सिद्धेश्वरहून बाजाराला निघाली की हिंगोलीतल्या दुकानदारांच्या पोटात गोळा यायचा. बादली घ्यायची तर ती उलटी घालून वर उभी राहणार, चप्पल घ्यायची तर तिची घडी घालून बघणार. शाळेच्या सामानाला तर तिचा कायदाच होता. वस्तू दणकट पाहिजे आणि वाढत्या अंगाची पाहिजे. तिच्या लेकाचे चौथीत घेतलेले बूट सातवीत टाकले, तेही फाटले म्हणून नव्हे, पायात मावेनात म्हणून. असल्या बाईला गिऱ्हाईक म्हणायचं की परीक्षक, हे दुकानदारांनीच ठरवावं.

यंदा नात जाई पहिलीला चालली होती. तिला घेऊन सखुबाई आणि सून पुजा बद्रुद्दीनच्या दुकानात आल्या होत्या. पुजा नुसती सून नव्हती, सखुबाईच्या भावाचीच लेक. आत्यानं भाची मागून घेतली होती, आपल्याकडे मागतात तशी.

"चाचा, हलकं दप्तर दाखवा," पुजा आल्यापासून तेवढंच म्हणत होती.

"हलकं काहून? शाळेत काय कापूस न्यायचाय?" सखुबाईनं तिला उडवून लावलं आणि जाड कापडाच्या दप्तराचे बंद दोन्ही हातांनी खसाखसा ओढले. "हे बघ. दुहेरी शिवण हाय. पोरगी सातवीला जाईल, तरी याला काय व्हायचं न्हाई."

सातवी! पुजानं ते दप्तर बाजूला सारलं. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलेलं फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक होतं. जाईच्या अंगातले स्नायू झिजत चालले होते. औषध नव्हतं. दोन-तीन वर्षांत चालणं बंद होईल, मग हातांची ताकद जाईल, मग पुढचं. म्हातारी हाय खाईल म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी घडोघडी पडते ती नीट जेवत नाही म्हणून, असं सखुबाई गावभर सांगत फिरायची.

पुजाला आता एकच हवं होतं. जमतंय तोवर जाईनं आपलं दप्तर आपल्या पाठीवर घेऊन, चारचौघींसारखं, आपल्या पायांनी शाळेत जावं. ओझं जितकं जास्त, तितके ते दिवस कमी. म्हणून हलकं दप्तर, हलका डबा, पायात अडखळणार नाहीत असे बराबर मापाचे बूट.

तेवढ्यात जाईनं ते जाड दप्तर स्वतःच पाठीवर चढवलं. एक पाऊल टाकलं आणि मागच्या मागे बसली. बद्रुद्दीन धावला, पण ती कुणाचा हात घेईना. पालथी झाली, ओणवी झाली, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहिली. हसलीसुद्धा.

बद्रुद्दीननं तिला कंपासपेट्या दाखवायला दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं. भला माणूस.

सखुबाई पोरीच्या पाठीवरून उतरवलेल्या दप्तराचे बंद मुठीत धरून बसली होती. "देवलाबी असाच उठायचा," ती हळूच म्हणाली.

देवला तिचा थोरला. पुजा पाळण्यात असताना गेलेला. तापानं गेला, एवढंच तिनं माहेरी आणि सासरी ऐकलं होतं.

"आत्या..."

"दिवाळीपासून बघून राहिले मी. तुमी बोलला न्हाई, मी इचारलं न्हाई. नाव घेतलं की खरं होतं, असं वाटायचं."

पुजाला राग यावा की रडू, हेच कळेना. एवढं माहीत असून ही बाई सातवीच्या गोष्टी करत होती!

"मग हलकं का घेऊ देत न्हाई?"

"त्याला मी सगळं हलकंच घेतलं होतं, पोरी. पातळ दप्तर. बूटबी पायाच्या मापाचे, अडखळू नये म्हणून. धाकट्याला, तुझ्या नवऱ्याला, मातर नेहमीसारखे वाढत्या अंगाचे." सखुबाईनं पदर तोंडाला लावला. "लेकरू हुशार होतं. दोघांचे बूट शेजारी ठेवून बघत बसलं. मला म्हणलं, माय, मला काहून मापाचे? मी वाढणार न्हाई का?"

मागे जाईचा खिदळण्याचा आवाज येत होता. बद्रुद्दीन तिला काहीतरी गंमत सांगत होता.

पुजानं सासूच्या मुठीतून दप्तराचे बंद सोडवून घेतले. हलकं घेतलं तर पोरीला कळणार, जड घेतलं तर पोरगी पडणार. यातून वाट नव्हती. कुणी दाखवली असती तर ती अनवाणी गेली असती.

"चाचा," तिनं हाक मारली, "ते जाडच दप्तर बांधा. अन बूट दाखवा. दोन नंबर मोठे."

दप्तर आपण वाहायचं, तिनं ठरवलं. शाळेच्या दारापर्यंत, वर्गापर्यंत, बाई काय म्हणतील ते म्हणोत. बुटांचं मात्र काय करायचं, ते तिला सुचलं नाही.

जाईनं बूट घातले आणि बाकावर बसूनच पाय हलवले. "आई, हे तिसरीत बराबर येतील ना?"

पुजानं खाली बसून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. आत मोकळी जागा होती. पाय वाढतील, ती भरेलही. तोवर पोरगी हे बूट घालून नुसती बसलेली असेल.

"येतील," पुजा म्हणाली, आणि नाडी बांधायला लागली.