येतो म्हणजे जातो

आपल्यात निघालेला माणूस "येतो" म्हणतो. एरवी त्यात कुणाचं काही बिघडत नाही. विमानाच्या पंख्यापुढे मात्र बिघडतं.

मी छोट्या विमानांची मेकॅनिक. दुरुस्ती झाली की जमिनीवरच इंजिन चालवून बघायचं काम माझं, आणि तेव्हा खाली उभं राहायचं काम माझ्या नवऱ्याचं. चाकांना ठोकळे लावायचे, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं, पुढे कुणी नाही ना ते बघायचं. मी वरून "मोकळं?" असं ओरडायचं, त्यानं "मोकळं" म्हणायचं, मग मी स्टार्टर दाबायचा. बारा वर्षं हेच चाललंय.

मागच्या आठवड्यात मी "मोकळं?" विचारलं आणि तो म्हणाला, "येतो." मला वाटलं, निघाला बाजूला. मी स्टार्टर दाबला. तो तर खरोखरच येत होता, पुढच्या चाकाचा सरकलेला ठोकळा नीट करायला! टोपीच्या चिंधड्या झाल्या. डोकं वीतभर अंतरानं वाचलं.

चौकशीत मी शब्दाची गंमत सांगितली. सुरक्षा अधिकाऱ्याला ती फारच पटली. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली: लांब जाताना "जातो" म्हणावे, "येतो" फक्त जवळ येताना. कँटीनमध्ये सगळ्यांची करमणूक झाली. मीही हसले, सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी नवरा दूध आणायला निघाला आणि दारात म्हणाला, "जातो."

आमच्या घरी असं कुणी म्हणत नाही. लहानपणी चुकून म्हटलं तरी आई दटावून "येते म्हण" म्हणायला लावायची. बरं, हा माणूस इतका नियमाचा कधी झाला? ओला टॉवेल दोरीवर टाकायचा, एवढा एक नियम त्याला बारा वर्षांत जमलेला नाही. शिवाय टेबलावर दुसऱ्या विमानतळाचं पत्र पडलं होतं, नोकरीसाठी भेटायला या म्हणून. हा नियम पाळतोय, मला चिडवतोय, की काही सांगतोय? तो दूध घेऊन परत आला, तरी मला कळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा "जातो". तिसऱ्या दिवशीही. विचारलं तर म्हणाला, नोटीस तुझ्यामुळेच लागलीय ना. डोक्याचा नुसता भुगा झाला.

पाचव्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. त्या विमानतळावर भेटायला निघाला होता. "जातो," म्हणाला.

"नीट बोल," मी म्हणाले. "घरात नोटीस लागू नाही."

तो बुटाची नाडी बांधत होता. वर न बघताच म्हणाला, "मी 'येतो' म्हणालो, कबूल. पण तुला 'मोकळं' ऐकू आलं होतं का?"

"नाही."

"बाहेर पाहिलंस?"

त्या दिवशी मांडीवर तपासणीचा कागद होता. लवकर घरी जायचं म्हणून मी आधीच सही करत बसले होते. पाच दिवस मी एका शब्दाचे दोन अर्थ उलटेपालटे करत होते. ऐकू यायला हवा होता तो शब्द आलाच नव्हता, हे एकदाही मनात आलं नाही. की आलं होतं आणि मी येऊ दिलं नाही? आता तेही सांगता येत नाही.

"नाही पाहिलं," मी म्हणाले.

"मग नोटिशीत माझा शब्द कशाला?"

"खरं सांगितलं तर लायसन्स जाईल माझं."

"जाईल," तो म्हणाला. बॅग काही त्यानं खाली ठेवली नाही.

मी चपला घातल्या आणि त्याच्यासोबतच निघाले. स्टेशनच्या वाटेवर आमचा विमानतळ लागतो, तिथे मी आत वळले. मला भयंकर भीती वाटत होती. सुरक्षा अधिकाऱ्यानं मला बघून विचारलं, आणखी एखादा शब्द बदलायचाय का? मी म्हणाले, शब्द ठीक होता, मी उत्तराची वाट पाहिली नव्हती. त्याचं हसू मावळलं. त्यानं सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली, मग लायसन्स मागितलं. मी दिलं.

बाहेर आले तर नवरा बाकावर बसला होता, बॅग पायाशी. त्याच्या गाडीची वेळ केव्हाच टळून गेली होती.