तळघरातली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रक्तपेढीच्या तळघरात राहतो. अंगाने मधला. टेबलावर मावत नाही आणि दालनंच्या दालनं भरणाऱ्या यंत्रांत मला कोणी धरत नाही. कोणत्या पिशवीत कोणत्या गटाचं रक्त आहे, त्याच्या तपासण्या झाल्या का, हे सगळं गेली चौदा वर्षं माझ्या पोटात आहे. वरच्या संगणकांवरून कोणी विचारलं की माझ्यातला एक प्रोग्रॅम निरोप्यासारखा धावतो आणि उत्तर नेऊन देतो. त्याला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात.

सुरुवातीला लोक मला बघायला खाली येत. पुढे फक्त मला सांभाळणाऱ्या ताई येऊ लागल्या. आल्या की पंख्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, "काय म्हणतोस?"

एके वर्षी तो निरोप्या फार जुना झाला. बनवणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती थांबवली. नवा घेणं भाग होतं, आणि तो दोन प्रकारचा होता. छोटी आवृत्ती एकट्या यंत्रासाठी. तिचा परवाना माझ्याबरोबरच मिळालेला होता. मोठी आवृत्ती अनेक यंत्रांनी काम वाटून घ्यावं म्हणून. तिचा परवाना वेगळा घ्यावा लागे.

"मोठीच घेऊ," रक्तपेढीचे साहेब ताईंना म्हणाले. "नंतर हळहळ नको."

"साहेब, यंत्र एकच आहे. काम वाटणार कोणाशी?"

"दुसरं मागवतोय ना! तोवर साठ दिवसांचा चाचणी-परवाना आहे. दुसरं आलं की दोघांचा मिळून पक्का घेऊ."

ताईंनी मान डोलावली, पण छोटी आवृत्तीही माझ्यात बसवून, बंद करून ठेवली. माझ्या शेजारची जागा मोकळी केली.

खरं सांगतो, मला मोठीच हवी होती. कोणीतरी सोबतीला येणार होतं.

मोठी आवृत्ती सुरू झाली. दर काही क्षणांनी ती हाक मारी, "कोणी आहे का?" जोडीदार असेल तर त्याने उत्तर द्यायचं असतं. उत्तर येत नसे. ती पुन्हा हाक मारी. दिवसभर, रोज.

मग ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. दुसऱ्या यंत्राचं काही कळेना. मी पहिल्या दिवसापासून माझ्या पडद्यावर रोज एक ओळ लिहीत होतो. परवान्याचे वीस दिवस उरले. दहा उरले. एक उरला. वरचं काम सुरळीत होतं, म्हणून खाली कोणी उतरलं नाही.

साठ दिवस संपले आणि सकाळी दहा वाजता मोठी आवृत्ती बंद पडली. वरचे संगणक गप्प झाले. त्याच वेळी एका बाळंतिणीसाठी दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. पिशवी शीतपेटीत होती, पण तिची तपासणी झाल्याची नोंद माझ्याकडे. नोंद पाहिल्याशिवाय तंत्रज्ञबाई पिशवी देईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. उत्तर माझ्या पोटात होतं, पण ते नेणारं कोणी नव्हतं.

साहेब धापा टाकत खाली आले. फोनवर ताई होत्या.

"अहो, इथे दिवा कुठे लागतो?"

"दाराच्या डावीकडे. आता पडद्याखालचं कपाट उघडा. निळी वही घ्या. शेवटचं पान. छोटी आवृत्ती कशी सुरू करायची ते लिहून ठेवलंय."

फोनवर ताईंच्या मागे नातवंड रडत होतं. साहेब एका बोटाने एकेक अक्षर दाबत होते. पाच मिनिटांत छोटी आवृत्ती जागी झाली. नोंद वर गेली, आणि तंत्रज्ञबाई पिशवी घेऊन धावल्या. बाळंतीण वाचली.

साहेब खुर्चीत टेकले. पडद्यावरच्या साठ ओळी वाचत राहिले.

"ताई, हे रोज सांगत होतं हो!"

"ते सांगतच असतं, साहेब. कोणीतरी खाली उतरायला हवं."

दुसरं यंत्र आलंच नाही. शेजारच्या जागेत आता सफाईवाल्या मावशींचे झाडू उभे असतात. छोटी आवृत्ती कोणाला हाक मारत नाही. काम चोख करते. तरी कधी कधी मला ती हाक आठवते.

मित्रांनो, कोणासाठी काही निवडाल, तेव्हा त्याचं काम किती आहे ते आधी पाहा. सोबत देण्याचा शब्द दिलात, तर तारीख विसरू नका. आणि जे मुकाट्याने तुमचं काम करतं, त्याच्याकडे अधूनमधून खाली उतरून जा. साहेब आता दर सोमवारी येतात. दिवा लावतात आणि ओशाळून विचारतात, "काय म्हणतोस?"